गाळात राहिलेलं औषध

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कापडगिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंदच राहिल्या. दीड लाखाच्या घरात कामगार संपावर होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंत होणाऱ्या कामगार स्त्रियांना भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. संपाचा इतिहास लिहिला गेला, कायद्याचाही लिहिला गेला. त्याच वर्षी त्याच गिरणगावात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, ती मात्र वैद्यकीय नियतकालिकांच्या बाहेर फारशी आली नाही. लुसी विल्स नावाची चाळीस वर्षांची एक इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत येऊन दाखल झाली. गरोदर बायकांचं रक्त पाण्यासारखं का होतं, हे तिला शोधायचं होतं.

ज्या बायकांसाठी ती आली होती त्यांची लक्षणं ठरलेली होती. सातवा-आठवा महिना, चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, चार पायऱ्या चढल्या की धाप. जीभ लालबुंद आणि सोलल्यासारखी, त्यामुळे तिखट घास तोंडात धरवत नाही. पुष्कळींना जुलाब. यातल्या कितीतरी जणी बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत जात. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तांबड्या पेशी मोजक्याच दिसत, पण त्या नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटं होतं.

मोठ्या पेशींचा असा एक पंडुरोग युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांना चांगला माहीत होता. त्याला ते पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणत, आणि १९२६ पर्यंत हा रोग म्हणजे मरणच होतं. त्या वर्षी बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी दाखवून दिलं, की रुग्णाला रोज पावशेरभर काळीज, म्हणजे यकृत, खाऊ घातलं तर तो उठून बसतो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून यकृताकडे आधी लक्ष वेधलं होतं जॉर्ज व्हिपल यांनी. या तिघांना १९३४ मध्ये नोबेल मिळालं. अर्धकच्चं काळीज दिवसामागून दिवस गिळणं रुग्णांच्या जिवावर येई, म्हणून औषध कंपन्या त्याचा अर्क काढायच्या मागे लागल्या. अर्क जितका शुद्ध, तितका डोस लहान आणि सुई सोपी. पुढची दहा वर्षं सगळी धडपड याच दिशेने होती, आणि आपली गोष्ट नेमकी तिथेच उलट्या दिशेला जाते.

मुंबईतल्या बायकांच्या कागदावर डॉक्टर ‘गरोदरपणातला पर्निशियस अ‍ॅनिमिया’ असं लिहीत. विलायतेतल्या रोगाचं नाव इथल्या रोगाला चिकटवलं की निदान झालं असं वाटतं, आणि वसाहतीच्या वैद्यकात हे सर्रास चाले. विल्सबाईंचं पहिलं मोठं काम म्हणजे त्यांनी या नावावर विश्वास ठेवला नाही.

त्यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घरची सुस्थिती होती आणि मुलींना शिकवण्याची रीत होती. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, परीक्षाही दिल्या. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज बायकांना पदवी देतच नसे. तो शहाणपणा विद्यापीठाला १९४८ मध्ये सुचला. पुढे भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेत असताना पहिलं महायुद्ध सुरू झालं. केपटाउनमध्ये त्यांनी काही काळ जखमींची शुश्रूषा केली आणि १९१५ मध्ये लंडनला परतून ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये नाव घातलं. डॉक्टर झाल्या तेव्हा वय बत्तीस होतं. त्यानंतर दवाखाना थाटण्याऐवजी त्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांचं रक्त-लघवी तपासत बसल्या.

या शाळेचं मुंबईशी जुनं नातं होतं. आपल्या रखमाबाई १८९४ मध्ये इथूनच डॉक्टर होऊन परतल्या होत्या. विल्सबाई शिकत होत्या त्याच काळात तिथे जेरुशा झिराद होत्या, पुण्यात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून आलेल्या, बेने इस्रायली समाजातल्या. १९१९ मध्ये त्यांनी लंडनची एम. डी. मिळवली आणि १९२८ मध्ये, म्हणजे विल्सबाई मुंबईत उतरल्या त्याच वर्षी, कामा रुग्णालयाची सूत्रं हाती घेतली. बायकांनी बायकांच्या आजारांकडे पाहायचं अशी एक फळीच मुंबईत उभी राहत होती. तिच्यात वडीलधाऱ्या होत्या मार्गारेट बॅल्फर. १८९२ पासून हिंदुस्थानात काम करणाऱ्या या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’च्या मातामृत्यू चौकशीसाठी विल्सबाईंना बोलावून घेतलं होतं. गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं कशी होतात याची पाहणी बॅल्फरबाई स्वतः करत होत्या.

हाफकिन संस्था परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. जिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत, तिथे १८९९ पासून प्लेगची लस तयार होऊ लागली होती. भोवती गिरण्या आणि चाळी. प्रयोगशाळेला आपला विषय शोधायला लांब जावं लागावं, अशी ती जागाच नव्हती.

विल्सबाईंनी आधी संशयितांना एकेक करून वगळलं. एखादा जंतू असेल म्हणून विष्ठा तपासली, आतड्यातले जंतू वाढवून पाहिले, काही हाती लागलं नाही. मग जठर. खऱ्या पर्निशियस अ‍ॅनिमियात जठरातलं आम्ल जवळजवळ नाहीसं झालेलं असतं. जठराच्या आतल्या अस्तरातून पाझरणारा एक घटक नसल्यामुळे तो रोग होतो, असं विल्यम कॅसल यांनी बॉस्टनमध्ये १९२९ मध्ये दाखवायला सुरुवात केली होती. मुंबईच्या बायकांच्या जठरात आम्ल होतं. खऱ्या रोगात हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, मज्जारज्जू बिघडतो. इथे तेही नव्हतं. आणि खरा रोग उतारवयात होतो, तर या बायका ऐन पंचविशीत होत्या. काळजाचा साधा, कच्चा अर्क दिला तर मात्र त्या बऱ्या होत. म्हणजे रोग वेगळा, पण काळजातलं काहीतरी दोन्हीकडे लागू पडत होतं.

मग उरलं ताट. डॉ. तळपदे यांच्यासह विल्सबाईंनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. तो अहवाल १९३० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. कोण काय खातं, किती खातं, दूध घरात येतं का, भाजी किती वेळा शिजते, घरात ऊन येतं का, अशा गोष्टी तिथे शास्त्रीय पुरावा म्हणून आल्या. सगळ्यांत निकृष्ट आहार आणि सगळ्यांत जास्त आजार या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी भेटल्या, गरीब मुस्लिम घरांतल्या बायकांत. त्या गोषात राहत. हिरवी भाजी, दूध, फळं ताटात नावालाच. मटणाचा तुकडा आला तर आधी कोणाच्या ताटात जाई हे आपल्याकडे कुठल्याही धर्माच्या घरात वेगळं सांगायला नको. या पाहणीला मी त्या काळातलं एक धाडस समजतो. तेव्हाचं वैद्यक हवामान, वंश, ‘पौर्वात्य सवयी’ असल्या शब्दांनी पटकन समाधान करून घेई. विल्सबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या.

१९२९ च्या उन्हाळ्यात त्यांनी बाडबिस्तरा निलगिरीतल्या कुन्नूरला हलवला. तिथल्या पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅकॅरिसन पोषणाचं संशोधन करत. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचा आहार उंदरांना खाऊ घालून कोणता उंदीर धडधाकट होतो हे पाहण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब बायकांचा आहार दिला. उंदीर पंडुरोगी झाले, गाभण माद्या पिल्लं होण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट घातलं की रोग टळला. सगळं चित्र जुळलं म्हणेपर्यंत घोळ लक्षात आला. उंदरांच्या अंगावर उवा होत्या, त्या उवांतून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता आणि तो जंतूही पंडुरोग करतो. निकृष्ट आहाराने अशक्त झालेल्या उंदरात तो दबा सोडून बाहेर येई. विल्सबाईंनी हे लपवलं नाही. पुढच्या लेखाच्या शीर्षकातच बार्टोनेलाचं नाव घातलं आणि उंदीर सोडून माकडांकडे वळल्या. पण उंदरांनी यीस्टची दिशा दाखवली होती, आणि ती दिशा बरोबर निघाली.

यीस्ट म्हणजे बिअर आंबवणारं किण्व. बिअर काढून घेतली की पिंपाच्या तळाशी त्याचा गाळ राहतो. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट या दारूभट्ट्यांच्या गावात १९०२ मध्ये त्या गाळापासून एक काळपट, खारट, चिकट लगदा बनवायला सुरुवात झाली आणि तो बरणीत भरून मार्माइट या नावाने विकला जाऊ लागला. पावाला लावून खायचा. इंग्रजांतही अर्धे लोक त्यावर जीव टाकतात आणि अर्धे नाक मुरडतात. तो स्वस्त होता, टिकत होता, त्यात मांस नव्हतं आणि दारूही उरलेली नव्हती. काळीज न खाणाऱ्या घरांतही तो चालण्यासारखा होता. मुंबईतल्या रुग्ण बायकांना तो औषध म्हणून चमच्याने दिला गेला. आठवड्याभरातच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची गर्दी दिसू लागे, आणि पुढच्या आठवड्यांत हिमोग्लोबिन चढे. जिभेची आग थांबे, भूक लागे. २० जून १९३१ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्सबाईंनी हे प्रसिद्ध केलं. नुसतं बरं करता येतं इतकंच नाही, वेळेवर दिलं तर रोग टाळताही येतो, हेही त्यांनी पुढे दाखवलं.

मरणाला टेकलेल्या एका माकडाला शेवटचा उपाय म्हणून मार्माइट चाटवलं आणि ते उठून बसलं, अशी एक गोष्ट विल्सबाईंच्या नावावर सांगतात. शोधांच्या कथांना असं एखादं माकड किंवा सफरचंद लागतंच. १९३१ चा लेख माणसांवरच्या उपचारांचा आहे, आणि बिलिमोरिया यांच्यासह केलेलं माकडांवरचं काम त्यानंतर १९३२ मध्ये छापून आलं. माकडाचं खरं महत्त्व वेगळं आहे, आणि ते त्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

१९३३ पासून विल्सबाई पुन्हा लंडनला रॉयल फ्रीमध्ये होत्या. तिथे त्यांनी ऱ्हीसस माकडांना मुंबईच्या धर्तीचा आहार देऊन मोठ्या पेशींचा पंडुरोग निर्माण केला. त्या माकडांना काळजाचा कच्चा अर्क दिला तर ती बरी होत, मार्माइट दिलं तर बरी होत. मग त्यांना काळजाचा नवा, शुद्ध केलेला अर्क टोचला गेला, जो खऱ्या पर्निशियस अ‍ॅनिमियावर रामबाण ठरला होता. माकडं बरी झाली नाहीत. १९३७ मध्ये क्लटरबक आणि बार्बरा एव्हान्स यांच्यासह त्यांनी हे छापलं. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या इंपीरियल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने पाच दिवसांत कराची गाठून, तिथून बोटीने दहा आठवड्यांसाठी पुन्हा मुंबईला आल्या, आणि तोच शुद्ध अर्क इथल्या बायकांवर पडताळून पाहिला. इथेही निष्फळ. कच्च्या अर्काने मात्र गुण.

मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा क्षण वाटतो, आणि तो एका औषधाच्या अपयशाचा आहे. मार्माइटने बायका बऱ्या झाल्या यावरून इतकंच कळतं की मार्माइटमध्ये काहीतरी आहे. शुद्ध अर्काने त्या बऱ्या झाल्या नाहीत यावरून कळतं, की काळजात किमान दोन वेगवेगळी द्रव्यं आहेत. एक पर्निशियस अ‍ॅनिमिया बरा करतं, आणि अर्क शुद्ध करताना तेवढंच जपलं गेलं होतं, कारण शुद्ध करणाऱ्यांसमोर विलायती रुग्णच होते. दुसरं द्रव्य गाळणीवर राहून मोरीत जात होतं. परळच्या बायकांना हवं होतं ते हे दुसरं. तांदळाचा कोंडा काढून तो पांढराशुभ्र केला आणि बेरीबेरी झाला, हे जावामध्ये आइकमन यांनी चाळीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि १९२९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेलही मिळालं होतं. तरी तीच चूक औषधाच्या कारखान्यात पुन्हा होत होती आणि ती पकडली रुग्णाच्या आहारापासून सुरुवात करणाऱ्या एका बाईंनी.

त्या अनाम द्रव्याला काही वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पण तोवर जगभर अनेक जण अनेक वाटांनी त्याच्यापाशी पोचत होते आणि जो तो आपापलं नाव देत होता. माकडांवर काम करणाऱ्यांनी त्याला जीवनसत्त्व एम म्हटलं, कोंबडीच्या पिल्लांवर काम करणाऱ्यांनी बी-सी, दुधातल्या जंतूंवर काम करणाऱ्यांनी त्या जंतूचं नाव दिलं. १९४१ मध्ये टेक्सासात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक आटवून चिमूटभर द्रव्य मिळवलं आणि पानांतून निघालं म्हणून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं. हे नाव टिकलं.

ते प्रयोगशाळेत तयार करण्याचं काम न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हरला, लेडर्ले कंपनीत झालं. त्या संशोधनाचे सूत्रधार होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमावरमचा तेलुगू मुलगा, मद्रासला वैद्यक शिकताना खादी घालून आला म्हणून इंग्रज प्राध्यापकाच्या डोळ्यांत सलला, पुढे बॉस्टनला पोचला आणि हार्वर्डमध्ये शिकताना पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल झाला. सिरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी शोधलेली फॉस्फरस मोजण्याची रीत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. फॉलिक अ‍ॅसिडकडे मात्र ते नुसत्या रसायनाच्या ओढीने आले नव्हते. त्यांचा भाऊ स्प्रूने गेला होता आणि त्यांना स्वतःलाही तरुणपणी तो रोग होऊन गेला होता.

स्प्रू म्हणजे आपली संग्रहणी. फेसाळ, पांढुरकं, तेलकट जुलाब महिनोन्महिने चालू, जीभ सोललेली, अंगावर मांस नाही, आणि शेवटी रक्त आटून गेलेलं. वैद्य त्यावर ताकाचे आणि पर्पटीचे कल्प देत, रुग्णाला दिवसचे दिवस ताकावर ठेवत. पूर्वेकडच्या नोकरीत हा रोग जडला की इंग्रज अधिकारी मायदेशी परतत. विल्सबाईंच्या १९३१ च्या लेखातच मुंबईच्या बायकांच्या पंडुरोगाशेजारी या उष्ण कटिबंधातल्या पंडुरोगाचाही विचार होता. दोघांतलं साम्य कुठे आहे हे नंतर उलगडलं. परळच्या बाईच्या ताटातच ते द्रव्य नव्हतं. संग्रहणीच्या रोग्याच्या ताटात असलं तरी आतड्याचं अस्तर झिजल्यामुळे ते शोषलं जात नव्हतं. आणि ते द्रव्य मिळालं नाही की अस्तराची झीज भरून निघत नाही, म्हणजे शोषण आणखी कमी. एकदा या फेऱ्यात सापडलेला माणूस चांगलंचुंगलं खाऊनही उपाशीच राहतो.

याचं कारण त्या द्रव्याच्या कामात आहे. पेशीला दुभंगून दोन व्हायचं असेल तर आधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि त्यासाठी लागणाऱ्या एका घटकाची जुळणी फॉलिक अ‍ॅसिडवाचून होत नाही. पेशी वाढत राहते पण दुभंगत नाही. म्हणून त्या मोठाल्या, मोजक्या तांबड्या पेशी. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात, आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, आणि गर्भ तर निव्वळ दुभंगण्यातूनच घडत असतो. कमतरता आधी दिसते ती याच तीन जागी. मुंबईच्या बायकांना पंडुरोग, जीभ सोलणं आणि जुलाब हे सगळं एकत्र का होई, आणि तेही दिवस गेल्यावरच का होई, याचं उत्तर इथे आहे.

१९४५ मध्ये लेडर्लेमधून कृत्रिम फॉलिक अ‍ॅसिड बाहेर पडलं. अमेरिकेच्या दक्षिणेत टॉम स्पाइस यांनी त्याच वर्षी ते मोठ्या पेशींच्या पंडुरोगावर वापरलं, पाठोपाठ क्यूबा आणि पोर्तो रिकोमधल्या स्प्रूच्या रुग्णांना दिलं. रुग्णांचं रक्त आठवड्यात पालटलं, जुलाब थांबले, माणसं जेवायला मागू लागली. साहजिकच ते सगळ्याच मोठ्या पेशींच्या रोगांवर दिलं जाऊ लागलं, पर्निशियस अ‍ॅनिमियावरसुद्धा. तिथेही रक्त सुधारलं. पण काही महिन्यांत त्या रुग्णांचे हातपाय बधिर व्हायला लागले, चालताना तोल जाऊ लागला. रक्ताची तक्रार गप्प झाली होती आणि नसांची नासाडी आत चालूच होती. विल्सबाईंनी दहा वर्षांपूर्वी सांगितलेलं, की रोग दोन आहेत आणि द्रव्यंही दोन, ते आता रुग्णांच्या नसांनी सिद्ध केलं. पहिलं द्रव्य, शुद्ध अर्कातलं, १९४८ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेत एकाच वेळी वेगळं काढलं गेलं. ते ब-१२.

इथे मुंबईचा आणखी एक धागा येतो. विल्सबाईंच्या कामाला लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचा काही आधार होता. सर दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये हा न्यास स्थापला तो पत्नी मेहेरबाईंच्या स्मरणार्थ. मेहेरबाई गेल्या त्या १९३१ च्या जूनमध्ये, मार्माइटवरचा लेख छापून आला त्याच महिन्यात, आणि त्यांना रक्ताचा कर्करोग होता. म्हणूनच न्यासाचा ओढा मुख्यतः रक्ताच्या रोगांकडे, त्यातही ल्युकेमियाकडे होता. पुढे काय झालं पाहा. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीचं द्रव्य देऊन पाहिलं, तर रोग भडकला. मग त्यांनी उलटा विचार केला. पेशी दुभंगायला ज्याची गरज आहे त्याचीच नक्कल करून पेशीला फसवायचं. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने अशी फसवी द्रव्यं त्यांना पुरवली. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी जाहीर केलं, की अमिनोप्टेरिन दिलेल्या सोळा मुलांपैकी दहांमध्ये, काही काळापुरता का होईना, रोग मागे हटला. ल्युकेमियाला औषधाने मागे रेटल्याचा हा आरंभीचा दाखला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज सांधेवाताचे रुग्ण आठवड्यातून एकदा घेतात आणि त्याबरोबर डॉक्टर त्यांना फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही लिहून देतात. सुब्बाराव १९४८ च्याच ऑगस्टमध्ये त्रेपन्नाव्या वर्षी गेले.

विल्सबाईंना नोबेल मिळालं नाही आणि त्यांच्या नावाचं द्रव्य दुसऱ्याच नावाने बाजारात आलं. त्या तक्रार करत बसल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्या रॉयल फ्रीच्या प्रयोगशाळेतच होत्या. १९४४ च्या जुलैमध्ये रुग्णालयावर जर्मनांचा उडता बाँब पडला, माणसं मेली, काही दिवसांत प्रयोगशाळेचं काम पुन्हा सुरू झालं. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे पंडुरोग आणि आहार तपासत हिंडल्या आणि लंडनला आल्यावर चेल्सीच्या नगरपालिकेत मजूर पक्षाच्या सदस्य झाल्या. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांनी लिव्हरपूलहून सुचवलं, की गर्भाच्या मेंदू-मणक्यातल्या जन्मजात दोषांशी फॉलिक अ‍ॅसिडच्या कमतरतेचा संबंध असावा. घराण्यात एकदा असं मूल झालं की पुन्हा होण्याचा धोका वाढतो, म्हणून या दोषाकडे आनुवंशिक म्हणूनच पाहिलं जाई. १९९१ मध्ये सात देशांतल्या चाचणीने दाखवलं, की असं मूल आधी झालेल्या आईने दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर पुन्हा तसंच होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते. रक्तातच असलेला धोकाही ताटातून इतका कमी करता येतो, हे तोवर फारसं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आपल्याकडे आशाताई गरोदर बाईच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटं ठेवते, त्या प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. परळच्या प्रश्नाचं उत्तर असं सरकारी पुरवठ्यात जाऊन बसलं. पण प्रश्न दरम्यान सरकला. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत फॉलिक अ‍ॅसिड कमी असलेली बाई अवघी एक निघाली. ब-१२ मात्र दोन तृतीयांश जणींत कमी होतं. गावाकडच्या भाजी-भाकरी-आमटीत पहिलं भरपूर मिळतं, दुसरं प्राणिज अन्नातूनच येतं आणि दूध बहुतेकदा डेअरीवर जातं. ज्यांच्यात फॉलिक अ‍ॅसिड जास्त आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होतं. म्हणजे मधुमेहाची वाट त्यांच्यापुढे इतरांपेक्षा लवकर उघडली होती. २०१२ मध्ये याच गटाने त्या मुलामुलींना, ती पौगंडावस्थेत असताना, ब-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्यांची स्वतःची मुलं जन्माला येतील तेव्हा त्या बाळांत काय फरक पडतो, हे त्या चाचणीला पाहायचं होतं.